कुरटे बेटावरील एक दिवस

गेल्या मार्गशीर्षांत आम्ही तिघे बालमित्र मालवणास जमलों होतों. त्यांतील एकाशीं आमचें दोन वर्षें बोलणें नव्हतें. उसन्या पैशांवरून एक कठोर शब्द आमच्याच तोंडून गेला होता.

सकाळीं होडीनें कुरटे बेटावर उतरलों. शिवछत्रपतींनीं १६६४ सालीं ज्याचा पाया घातला, तो सिंधुदुर्ग येथेंच उभा आहे. तटांतील लहानशा दारांतून बाहेर पडलें, कीं ‘राणीची वेळा’ नांवाची चिमुकली पुळण लागते. ताराबाई राणीसाहेब येथें स्नानास येत, असें सांगतात. तेथें दुसरें कोणी नव्हतें. तिघेही मुकाट्यानें लाटा पाहत बसलों. क्षमेचे शब्द ओठांपर्यंत येत आणि परत फिरत.

ऊन चढलें, तेव्हां दूधबावीवर आलों. चोहोंकडे खारा समुद्र, आणि विहिरीला गोडें पाणी! त्या स्नेह्यानें पाणी शेंदून पहिल्यानें आमच्या ओंजळींत घातलें. “पी आधीं. तुला लहानपणापासून ऊन सोसत नाहीं.”

पाणी घशाखालीं उतरेना.

‘चुकलों’ एवढेंच म्हणावयाचें होतें. तें परतीच्या होडींत म्हटलें. त्यानें त्याचें उत्तर दिलें नाहीं. पुढल्या मार्गशीर्षांत कोठें जावयाचें, एवढेंच विचारलें.