गॅरेजचे दार असलेले सूपचे दुकान

गेल्या वर्षी आम्ही उभयता तीन महिने मुलाकडे, अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात होतो. त्याआधी दीड वर्षापूर्वी माझ्या यजमानांना पक्षाघाताचा सौम्य झटका येऊन गेला होता. गिळण्याची रीतसर तपासणी होऊन डॉक्टरांनी नेहमीच्या जेवणास परवानगी दिली होती. परंतु उजव्या हाताचा कंप मात्र राहिला. आमटीची वाटी तोंडाशी जाईपर्यंत निम्मी ताटात आणि थोडी सदऱ्यावर. चारचौघांत जेवणे त्यांनी सोडले. आतल्या खोलीत दार लोटून जेवत, तेही पातळ पदार्थ वर्ज्य करून. वजन सात किलोंनी उतरले. विचारणाऱ्यांना मी आजाराचे कारण सांगे. पण निम्मे कारण मीच होते. प्रत्येक घासाला ‘सांभाळून’, ‘सांडेल हं’ असे म्हणणारी घरात दुसरी कोण होती?

एका शनिवारी मुलगा आम्हांला न्यूपोर्टला घेऊन गेला. प्रशांत महासागराच्या काठी, याक्विना खाडीच्या मुखाशी वसलेले हे मासेमारीचे गाव. खाडीवर १९३६ साली खुला झालेला कमानदार पूल, धक्क्याला लागलेल्या होड्या आणि फळकुटांवर लोळत अखंड ओरडणारे समुद्रसिंह. ऑगस्ट महिना असूनही अंगात स्वेटर हवाच. धक्क्यालगतच्या रस्त्यावर ‘मोज’ नावाचे दुकान आहे. मोहावा नीमी या बाईंनी ते १९४६ मध्ये सुरू केले. सारा गाव त्यांना ‘मो’ म्हणे. कोळ्यांच्या आणि धक्क्यावर राबणाऱ्यांच्या वस्तीतले ते साधे खाणावळवजा ठिकाण. १९६८ मध्ये अध्यक्षपदाच्या प्रचारदौऱ्यात रॉबर्ट केनेडीही तेथे येऊन गेले. मो १९९२ मध्ये निवर्तल्या. नातीने व्यवसाय पुढे नेला आणि आज त्या किनाऱ्यावरील इतर गावांतही शाखा आहेत.

तेथील ‘क्लॅम चाउडर’ प्रसिद्ध. क्लॅम म्हणजे आपल्या तिसऱ्यांचीच भावंडे. बटाटा, कांदा, तिसऱ्या आणि दूध यांचे ते दाटसर, पांढरे सूप. यजमान मालवणचे, तिसऱ्या म्हटल्यावर डोळे चमकले, पण दूध ऐकताच कपाळाला आठी पडली. दूध आणि मासे हा विरुद्ध आहार, हे त्यांच्या आजीने लहानपणीच मनावर कोरलेले, आणि चरकसंहितेतही ते आहेच. त्यात बेकन, म्हणजे डुकराचे खारवलेले मांसही असते हे कळल्यावर मी पावावर समाधान मानले. त्यांनी मात्र ‘पंचाहत्तराव्या वर्षी आता आजी कुठे रागवायला येते’ असे म्हणून लहान वाटी मागवली. रक्तदाबामुळे मीही लहान वाटीचाच आग्रह धरला होता; असल्या सुपात मीठ आणि स्निग्धांश दोन्ही सढळ असतात.

सूप येईपर्यंत माझे लक्ष भिंतीकडे गेले. दुकानाच्या दर्शनी बाजूला चक्क गॅरेजचे, वर सरकणारे दार होते. वाढणाऱ्या बाईंना विचारले, तेव्हा त्यांनी ती हकीकत सांगितली. फार वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक बाई दुकानासमोर लावलेली मोटार मागे घ्यायला गेली आणि चुकून ती पुढे जाऊन थेट भिंत फोडून आत शिरली. बाई भेदरून रडवेली झाली. मो तिच्याजवळ गेल्या, तिच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाल्या, की आपण येथे गॅरेजचेच दार बसवू, म्हणजे तुम्हांला हवे तेव्हा गाडी आत आणता येईल. आणि दार खरोखरच बसवले.

यजमान ऐकत होते. वाटी आली. पहिल्याच चमच्याला स्वेटरवर पांढरा ओघळ उतरला. माझा हात सवयीने रुमालाकडे गेला, ‘सांभा’ एवढे तोंडातून बाहेरही पडले. मग मी मान वळवून त्या दाराबाहेरच्या होड्या पाहत बसले. त्या पाच-सात मिनिटांत मला जितके अवघडल्यासारखे झाले, तितके दीड वर्षात त्यांचे कपडे धुतानाही झाले नव्हते. वाटी रिकामी झाली. दुसरी त्यांनी स्वतः मागवली. मिठाचा विषय मी काढला नाही.

पुण्यास परतल्यावर जेवणाच्या टेबलावरचे भरतकामाचे कापड मी काढून ठेवले. जड बुडाचा, मोठ्या कानाचा मग आणला. तो दोन्ही हातांनी धरता येतो आणि अर्धाच भरला की कमी हिंदकळतो. दुधी किंवा मुगाचे सूप एकसारखे घोटून, किंचित दाट करते. (ज्यांना पिताना ठसका लागतो, त्यांना मात्र तज्ज्ञांकडून गिळण्याची तपासणी करून घेतल्यावाचून असे प्रयोग करू नयेत. पातळ सुपात फोडी तरंगत असतील, तर ते त्यांना विशेष जड जाते.) सातांपैकी साडेतीन किलो वजन परत आले आहे. ‘सांभाळून’ हा शब्द अजून अधूनमधून सुटतोच.

गेल्या रविवारी नणंदबाई जेवायला आल्या होत्या. यजमान सर्वांबरोबर टेबलाशी बसले. टोमॅटोच्या साराचा मग कलंडला आणि लाल ओघळ थेट नणंदबाईंच्या ताटापर्यंत गेला. सगळे गप्प झाले. तेवढ्यात हेच म्हणाले, “गॅरेजचे दार!” मला हसू आवरेना. नणंदबाई दोघांच्या तोंडाकडे पाहत राहिल्या, आणि त्यांना सारी हकीकत सांगेपर्यंत उरलेले सार निवून गेले.