नमुना स्वाक्षरी

माझे वडील सांगलीत हळदीच्या एका अडत दुकानात पस्तीस वर्षे दिवाणजी होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. चाळिशीतच त्यांची पाठ वाकली. पन्नाशी उलटली तेव्हा शेजारून कोणी हाक मारली तर मान वळेना, सारे अंगच वळवावे लागे. दुकानातील मंडळी कौतुकाने म्हणत, ‘दिवाणजींची पाठ खतावणीने वाकवली.’ आम्हा घरच्यांनाही ते पटले होते. गादीवर मांडी घालून, उतरत्या डेस्कवर वही ठेवून रोज दहा तास लिहिणाऱ्या माणसाची पाठ आणखी कशी असणार?

एक गोष्ट मात्र या हिशेबात बसत नव्हती. अण्णा पहाटे तीनच्या सुमारास उठून अंगणात येरझाऱ्या घालीत. पडून राहिले की पाठ आखडते, चालले की सुटते, असे ते सांगत. मी तेव्हा एम. कॉम.च्या परीक्षेची तयारी करीत होतो. मला वाटे, थोरल्या बहिणीच्या लग्नाचे कर्ज त्यांना झोपू देत नाही. एकदा वैतागून मी बोलून गेलो, ‘अण्णा, तुमच्या चालण्याने आमची झोप मोडते.’ दुसऱ्या दिवसापासून ते चपला हातात घेऊन मागच्या दाराने बाहेर पडू लागले.

तीच पावले मला पुन्हा ऐकू आली ती सुमारे चाळीस वर्षांनी, पुण्यातील आमच्या सदनिकेत. माझा मुलगा तेव्हा सव्वीस वर्षांचा होता, संगणक कंपनीत नोकरीला. पहाटे तो दिवाणखान्यात फेऱ्या मारी. मी त्याला खुर्ची बदलायला सांगितले, गादी बदलून दिली, मोबाइलवरून टोमणे मारले. पाठीच्या दुखण्यासाठी दोन-तीन दवाखाने झाले. सर्वांनी बैठ्या कामावर बोट ठेवले. अशी दोन वर्षे गेली. शेवटी एका संधिवाततज्ज्ञ डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी प्रथम विचारले, विश्रांती घेतल्यावर दुखणे कमी होते की वाढते? दुसरा प्रश्न होता, घरात कोणाची पाठ वाकलेली होती का? मी काही बोलण्यापूर्वीच सौ. म्हणाली, ‘सासऱ्यांची होती.’

रक्ताच्या अहवालात एक ओळ होती : एचएलए-बी २७, पॉझिटिव्ह. एमआरआयमध्ये कमरेखालच्या सांध्यांत दाह दिसला. आजाराचे नाव अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस. यात शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते आणि उपचार न झाल्यास कालांतराने मणके एकमेकांना जखडले जाऊ शकतात. अण्णांची कोणतीही तपासणी झालेली नव्हती. पण त्यांचा फोटो पाहून डॉक्टरबाईंनी बराच वेळ मान हलवली.

मी नुकताच निवृत्त झालो होतो. ‘एचएलए’ या तीन अक्षरांचा अर्थ समजल्याशिवाय मला चैन पडेना. पस्तीस वर्षांच्या बँकेतील नोकरीने लावलेली ही खोड आहे. ज्या संक्षेपाचा अर्थ कळत नाही, त्या कागदावर सही करायची नाही. त्या वाचनातच मला ज्याँ दॉसे हे फ्रेंच डॉक्टर भेटले.

दॉसे १९१६ साली तुलूझ येथे जन्मले. वडीलही डॉक्टर आणि योगायोग असा की, फ्रान्समध्ये संधिवाताच्या उपचारांतील एक अग्रणी. दुसऱ्या महायुद्धात स्वतंत्र फ्रेंच सैन्यात दाखल होण्यासाठी उत्तर आफ्रिकेकडे निघताना दॉसे यांनी आपली ओळखपत्रे पाश्चर संस्थेतील एका ज्यू सहकाऱ्याला देऊन टाकली. त्या कागदांच्या आधारे तो पॅरिसमध्ये जिवंत राहू शकला. ज्या माणसाने पुढे शरीराच्या ‘ओळखपत्रांचा’ शोध लावला, त्याने तरुणपणी आपले ओळखपत्र दुसऱ्याला दिले होते, हे वाचून मी क्षणभर पुस्तक मिटून बसलो.

युद्धात रक्त देण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि तोच त्यांच्या आयुष्याचा विषय झाला. १९५२ च्या सुमारास एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. अनेक वेळा रक्त चढवलेल्या एका रुग्णाच्या रक्तद्रवात इतरांच्या पांढऱ्या पेशी मिसळल्या की त्यांच्या गुठळ्या होत. त्याच्या स्वतःच्या पेशींच्या मात्र होत नसत. म्हणजे परक्या पांढऱ्या पेशींवर असे काही चिन्ह होते, जे त्या शरीराला ‘आपले’ वाटत नव्हते. लाल पेशींचे ए, बी, ओ हे गट तोवर माहीत झाले होते. पांढऱ्या पेशींचेही गट आहेत, हे नवे होते. असे पहिले चिन्ह त्यांनी १९५८ साली प्रसिद्ध केले आणि त्याला ‘मॅक’ असे नाव दिले. प्रयोगांत सहभागी झालेल्या तिघा स्वयंसेवकांच्या आद्याक्षरांवरून ते नाव तयार झाले होते. संशोधकाने आपल्या शोधाला रक्त देणाऱ्यांचे नाव द्यावे, ही रीत मला आवडली. पुढे पॅरिसमधील अनेक स्वयंसेवकांनी आपल्या हातावर इतरांच्या त्वचेचे लहान तुकडे लावून घेतले. चिन्हे जितकी जुळत, तितका तो तुकडा अधिक दिवस टिके. आज मूत्रपिंड किंवा अस्थिमज्जा देण्यापूर्वी जी जुळणी पाहतात, तिचा पाया असा लोकांच्या हातांवर घातला गेला आहे.

हे सारे मला माझ्या भाषेत समजले ते असे. बँकेत प्रत्येक खातेदाराची नमुना स्वाक्षरी असते. धनादेश आला की ती काढून पडताळायची; जुळली तर पैसे द्यायचे, नाही तर धनादेश परत. एचएलए ही आपल्या पेशींची नमुना स्वाक्षरी आहे. सहाव्या गुणसूत्रावरील जनुके ती घडवतात. एक संच आईकडून येतो, एक वडिलांकडून. म्हणूनच सख्ख्या भावंडांत ती पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक असते. पण ही स्वाक्षरी नुसती दाराशी लटकत नाही. पेशीच्या आत जी प्रथिने असतात त्यांचे बारीक तुकडे ती बाहेर धरून दाखवते, जणू रोजचा ताळेबंद खिडकीवर लावावा. पहारेकरी पेशी तो तपासतात. विषाणूचा तुकडा दिसला की ती पेशी नष्ट केली जाते. बी २७ ही अशीच एक सही आहे. तिच्यामुळे तपासनिसांची गफलत नेमकी कशी होते, याबद्दल शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही.

गफलत होते हे मात्र १९७३ साली सिद्ध झाले. लंडनमध्ये डेरेक ब्रूअर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराचे ७५ रुग्ण तपासले. त्यांतील ७२ जणांत बी २७ सापडले. तुलनेसाठी घेतलेल्या ७५ जणांत ते फक्त तिघांत होते. लॉस एंजेलिसमधील एका गटालाही त्याच वर्षी तसेच आढळले. एखाद्या आजाराचा आणि वारशाने आलेल्या एका चिन्हाचा इतका घट्ट संबंध तोवर क्वचितच कोणी पाहिला होता. दॉसे यांनी १९७७ साली आर्ने स्वेयगोर यांच्यासह एचएलए आणि आजार या विषयावरील ग्रंथ संपादित केला. १९८० साली त्यांना बारूह बेनासेराफ आणि जॉर्ज स्नेल यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

१९७३ साली अण्णा सत्तेचाळीस वर्षांचे होते. सांगलीत तेव्हा कोणाला हे ठाऊक असणार? तरी तो आकडा मला टोचतो.

आकड्यांची दुसरी बाजू मी मुद्दाम लिहितो, कारण आपल्याकडे अहवालातील ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द वाचला की लोकांचे पाय गळतात. रुग्णांपैकी बहुतेकांत बी २७ असते हे खरे; पण ज्यांच्यात बी २७ आहे अशा शंभरांतील नव्वदांहून अधिक जणांना हा आजार कधीच होत नाही. जवळच्या नात्यात आजार असेल तर धोका वाढतो, तरीही तो निश्चित होत नाही. डॉक्टरबाई ‘काका, तुम्हाला गरज नाही’ म्हणत असताना मी हट्टाने माझीही तपासणी करून घेतली. पॉझिटिव्ह आली. अण्णांची सही माझ्याकडे साठ वर्षे होती आणि माझी पाठ सरळ आहे. ती मी मुलाच्या हाती दिली आणि त्याच्याकडे ती वठली.

मुलाचे आता बरे आहे. रोजचा व्यायाम, पोहणे, गोळ्या. मध्यंतरी दाह अडवणारी इंजेक्शनेही घ्यावी लागली. ती अण्णांच्या काळी नव्हती, आणि आजही सर्वांच्या खिशाला परवडत नाहीत.

प्रश्न निघाला तो लग्नाचा. बायोडाटा तयार करताना आमचे एक वडीलधारे आप्त म्हणाले, ‘आजाराचे कशाला लिहिता? मुलगा कामावर जातो, गाडी चालवतो. दवाखान्याचे कागद कोणी मागत नाही.’ मी मान डोलावली, हे कबूल करतो. पस्तीस वर्षे मी कर्जदारांकडून इतर बँकांच्या सर्व देण्यांचे प्रतिज्ञापत्र घेतले होते. मुलाने तो बायोडाटा वाचला आणि एवढेच विचारले, ‘बाबा, असा अर्ज तुम्ही मंजूर केला असता?’

त्या रात्री मला दॉसे यांचे उतारवयातील काम आठवले. एका कलासंग्राहक महिलेने मृत्युपत्राद्वारे दिलेल्या देणगीच्या बळावर त्यांनी १९८४ साली पॅरिसमध्ये मानवी विविधतेच्या अभ्यासाचे केंद्र उभारले. मोठ्या कुटुंबांचे रक्तनमुने तेथे जमवले. त्यांत अमेरिकेतील युटा येथील आजी-आजोबा, आई-वडील आणि मुले अशा तीन पिढ्यांची कुटुंबे होती. त्यांचा डीएनए जगभरच्या प्रयोगशाळांना विनामूल्य दिला जाई. अट एकच : त्यातून जी माहिती निघेल ती केंद्राकडे परत पाठवायची. बिनव्याजी कर्ज आणि परतफेड माहितीची. माणसाच्या जनुकांचा पहिला नकाशा आखताना त्या कुटुंबांचा मोठा उपयोग झाला. त्यांनी आपल्या तीन पिढ्या परक्यांच्या टेबलावर मोकळ्या करून ठेवल्या होत्या, आणि मी एका पानावरची एक ओळ लपवायला निघालो होतो.

आमच्याही तीन पिढ्या आहेत. पहिलीचा रक्तनमुना कुठेच नाही. फक्त फोटो आहे. त्यात अण्णा खुर्चीच्या पाठीला न टेकता बसले आहेत.

दुसऱ्या दिवशी बायोडाटात मुलाने स्वतःच ती ओळ टाइप केली, आजाराचे नाव आणि उपचारांसह. दोन ठिकाणांहून ‘पत्रिका जुळत नाही’ असे कळवण्यात आले. तिसऱ्या ठिकाणी मुलीच्या वडिलांनी फोनवर विचारले, ‘म्हणजे नातवंडांनाही?’ मी त्यांना सांगितले की चिन्ह जाण्याची शक्यता निम्मी, आजाराची त्याहून बरीच कमी. ते म्हणाले, ‘मुलीशी बोलतो.’ येत्या रविवारी ते आमच्याकडे येणार आहेत. मुलाने त्यांना सकाळी अकरानंतर बोलावले आहे. त्याआधी त्याचा व्यायाम असतो.