धाकट्याला काय सांगायचे?

विंझरमध्ये सिनेमागृह नाही. सिनेमा बघायचा तर नसरापूरमार्गे पुण्याला, पन्नासेक किलोमीटर जावे लागते. त्यामुळे आमच्याकडे सिनेमा ही सणासारखी ठरवून करायची गोष्ट. १४ फेब्रुवारी २०२५ ला 'छावा' लागला आणि आठवड्याभरात आळीतल्या चार घरांनी मिळून एक गाडी ठरवली. शेजारच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, "भाभी, तुमच्या पोरांसाठी दोन जागा ठेवल्यात. पाठवताय ना?"

थोरली पंधराची, धाकटा दहाचा. दोघेही आमच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. "रात्री सांगतो," असे आम्ही म्हणालो. आम्ही म्हणजे नवरा-बायको दोघे. निर्णय दोघांचा होता, चूकही दोघांची झाली, म्हणून लिहितानाही 'आम्ही'च लिहितो.

संभाजीराजे आम्हाला परके नाहीत. दारातून एकीकडे तोरणा, दुसरीकडे राजगड. त्यांच्या आईसाहेब, सईबाई, १६५९ मध्ये राजगडावर वारल्या. त्यांची समाधी पायथ्याच्या पाल गावात आहे. आई गेली तेव्हा राजे अवघे दोन वर्षांचे होते. त्यांना दूध पाजणारी धाराऊ कापूरहोळची. भोरला जाताना ते गाव लागतेच. आमच्या आधीच्या पिढ्यांनी या खोऱ्यात मुलाणकी केली. गडाच्या गोष्टी आम्ही पुस्तकात वाचण्याआधी बांधावर ऐकल्या.

मग अडचण काय होती? सिनेमाचा शेवट कसा आहे ते एव्हाना सगळ्यांना ठाऊक झाले होते. संगमेश्वरला पकडल्यापासून ११ मार्च १६८९ च्या हत्येपर्यंतचे हाल पडद्यावर सविस्तर दाखवले होते. डोळे, जीभ, जखमांवर मीठ. सेन्सॉर बोर्डाने सिनेमाला 'यूए १६+' असे प्रमाणपत्र दिले होते. नव्या नियमांत 'यूए'चे ७, १३ आणि १६ असे तीन टप्पे केले आहेत. पण ही बंदी नव्हे. मूल सोळाच्या आतले असेल तर पालकांनी ठरवावे, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे कायद्याने चेंडू आमच्याच अंगणात टाकला होता. प्रदर्शनाआधी राजांच्या लेझीम खेळण्याच्या दृश्यावर मोठा वाद झाला आणि दिग्दर्शकाने ते दृश्य काढून टाकले. लहान मुलांना हे हाल बघवतील का, यावर तेवढी चर्चा झाल्याचे मात्र आम्हाला आठवत नाही.

रात्री आम्ही ठरवले. थोरलीने अम्मीसोबत जावे, धाकट्याने घरी राहावे. त्याला सांगितले, "तुझं वय बसत नाही."

"मग काकूंच्या बारक्याचं बसतं का? तो तर आठ वर्षांचा आहे."

याला आमच्याकडे उत्तर नव्हते. कारण आम्ही सांगितले ते खोटे नव्हते, पण अर्धेच होते. उरलेले अर्धे असे होते की, अंधाऱ्या थिएटरात औरंगजेब पडद्यावर येईल, घोषणा होतील आणि तेव्हा आमच्या पोराला त्याच्या नावाने कुणी हाक मारली तर? ही भीती आम्ही प्रमाणपत्राच्या पदराआड लपवली.

सिनेमाला गेलेल्या अम्मीने काय पाहिले? शेवटच्या भागात पुढच्या रांगेतली मुले हुंदके देऊन रडत होती. काकूंनी बारक्याच्या डोळ्यांवर पदर धरला, पण कान उघडेच राहिले. घोषणा सुरू झाल्या तेव्हा काकूंनी दुसऱ्या हाताने हिचा हात धरला आणि दिवे लागेपर्यंत सोडला नाही. दोघींपैकी कुणीच काही बोलले नाही. परतीच्या गाडीतही सगळे गप्प होते.

घरी आल्यावर थोरली म्हणाली, "राजांसाठी मला खूप रडू आलं. पण रडताना मी आजूबाजूला बघत होते, माझ्याकडे कुणी बघतंय का म्हणून."

पंधरा वर्षांच्या मुलीला धड रडताही येऊ नये, याचे दुःख आम्हाला सिनेमातल्या हालांपेक्षा कमी वाटले नाही.

धाकट्याला घरी ठेवले म्हणून तो वाचला, असे मात्र झाले नाही. रडणाऱ्या मुलांच्या चित्रफिती मोबाइलवर फिरत होत्याच. मूल जितके जास्त रडेल तितके कौतुक जास्त. शेवटच्या दृश्यांचे तुकडेही त्याने कुणाच्या तरी मोबाइलवर पाहिले. मार्चमध्ये, रमजानचे रोजे चालू असताना, शाळेच्या गाडीत एका मुलाने त्याला "तुमचा औरंगजेब" म्हटले. १७ मार्चला खुलताबादच्या कबरीच्या वादातून नागपुरात दंगल झाली. त्याच आठवड्यात इफ्तारला बसल्यावर धाकट्याने विचारले, "अब्बा, औरंगजेब आपला कोण लागतो?"

हातातला खजूर हातातच राहिला. "कुणीच नाही," आम्ही म्हणालो. मग त्याला जे सिनेमाआधीच सांगायला हवे होते ते सांगितले. १७०४ मध्ये याच बादशहाच्या फौजेने आपला राजगड आणि तोरणा घेतला. बाप आणि भावांशी तो कसा वागला तेही सांगितले. त्याचाच मुलगा अकबर बापाविरुद्ध बंड करून १६८१ मध्ये संभाजीराजांच्या आश्रयाला आला होता.

"सख्खा मुलगा?"

"सख्खा."

तो बराच वेळ विचार करत बसला. त्या रात्री आम्हा दोघांना दादीची आठवण झाली. मोहरमच्या दिवसांत दादी करबलाची हकीकत सांगायची. तहानलेले तंबू, सहा महिन्यांच्या अली असगरच्या गळ्यात लागलेला बाण. सहा-सात वर्षांचे असू तेव्हा आपण. त्याहून भयंकर काय असणार? पण दादी बाण दाखवत नव्हती, सांगत होती. आपला चेहरा बघून कुठे थांबायचे ते तिला कळायचे. ऐकून रडलो की ती हातात सरबताचा पेला द्यायची आणि दुसरा पेला दारावरून जाणाऱ्याला द्यायला लावायची, मग तो कुणीही असो. त्या हकीकतीतून आपण शत्रू शोधायला शिकलो नाही, तहानलेल्याला पाणी द्यायला शिकलो.

पडदा मुलाचा चेहरा बघून थांबत नाही. म्हणून दहा वर्षांच्या मुलाने ही दृश्ये बघू नयेत असेच आमचे आजही मत आहे. मग त्याचे नाव काहीही असो. पण सिनेमा दाखवला नाही म्हणजे आपले काम संपले, असे समजण्यात आम्ही चुकलो. इतिहास घरातून सांगितला नाही, तर तो गाडीतून, मोबाइलवरून, दुसऱ्याच्या तोंडून येतो आणि आपल्या मुलाला आरोपी करून येतो. आपल्यापैकी अनेक घरांत हाच प्रश्न उठला असेल आणि वयाच्या आड तो लपवलाही गेला असेल, म्हणून हे लिहितो आहोत.

११ एप्रिलला 'छावा' नेटफ्लिक्सवर आला. आता तो कुणाच्याही घरात, केव्हाही. धाकट्याने पुन्हा विचारले नाही. बारक्या अजून दिवा लावून झोपतो, असे काकू सांगत होत्या. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोन्ही पोरांना घेऊन पालला गेलो. सईबाईंच्या समाधीपाशी बसून राजांची गोष्ट त्यांच्या आईपासून सांगितली, धाराऊपासून सांगितली. शेवट एका वाक्यात: "त्यांना फार हाल करून मारलं, पण ते झुकले नाहीत." बारक्याने मान हलवली. त्याला अधिक तपशील नको होता.

परतताना आम्ही धाकट्याला खरे सांगून टाकले. "तुला नेलं नाही त्याला दोन कारणं होती. एक, तू लहान आहेस. दुसरं, तिथे तुला कुणी काही बोललं तर, अशी आम्हाला भीती वाटली."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मग दुसरं आधी सांगायचं ना."