जरा सरका, परीक्षा आहे

विज्ञान शाखेच्या मुलांना वेळ पुरत नाही, असं घरचे म्हणतात, शिक्षक म्हणतात आणि मुलंही म्हणतात. वडाळ्यात चार ठिकाणी फिरून पाहिलं की वेगळंच लक्षात येतं. वेळ कसाबसा काढता येतो. वही उघडून बसायला दीड हात जागा काही मिळत नाही.

प्रॅक्टिकलच्या बॅचेस पडतात त्यासुद्धा याच कारणाने. प्रयोगशाळेत ओटे मोजके, ब्युरेटचे स्टँड मोजके, म्हणून वर्गाचे तुकडे करावे लागतात. कॉमर्सची मैत्रीण लेक्चरं संपवून घरी जाऊन जेवते, तेव्हा केमिस्ट्रीवाली एस.वाय.ची मुलगी पिपेट धरून उभी असते. टायट्रेशनमध्ये फिनॉल्फ्थॅलिनला जेमतेम गुलाबी झाक यायला हवी. एक थेंब जास्त पडला, रंग गडद झाला, की पुन्हा पहिल्यापासून. लागोपाठची रीडिंग जुळेपर्यंत सुटका नाही. जुळली की ती जर्नलात उतरवायची, पेन्सिलने आकृत्या काढायच्या आणि बाईंची सही मिळवायची. जर्नल सर्टिफाय झाल्याशिवाय प्रॅक्टिकल परीक्षेला बसू देत नाहीत. त्यामुळे सत्राच्या शेवटी जिन्यात, कँटीनमध्ये, क्वचित पुढच्याच्या पाठीवर ठेवून जर्नलं लिहिली जातात. त्यातली किती स्वतःच्या रीडिंगची असतात, हे विचारू नये.

मुंबई विद्यापीठाने २०११-१२ पासून श्रेयांक आणि सत्र पद्धत आणली आणि वर्षाअखेरची एक मोठी परीक्षा गेली. तिच्या जागी वर्षभर लहान-मोठ्या परीक्षा आल्या: चाचणी, असाइनमेंट, प्रोजेक्ट, प्रॅक्टिकल, लेखी. एखादा पेपर राहिलाच तर केटी, म्हणजे तो पुन्हा द्यायचा. पूर्वी डिसेंबरपर्यंत नाटकात, एकांकिकेत रमून मार्चमध्ये जागरणं करणारा एक विद्यार्थी असायचा. तो आता नामशेष झाला, आणि याचं थोडं वाईट वाटायला हरकत नाही.

वडाळ्यात बसून क्षार ओळखायला शिकायचं, ही एक गंमतच. हा परिसर मिठागरांचा. १ जून १९३० रोजी मिठाच्या सत्याग्रहात सुमारे पंधरा हजार माणसं इथल्या मिठागरांवर चालून गेली. सोडियम पिवळी ज्योत देतो की नाही, हे तपासायला त्यांच्यातलं कोणी थांबलं नसेल. आता पूर्वेच्या बाजूला उंच टॉवर आहेत आणि जागेचा हिशोब चौरस फुटात होतो.

रेल्वेचं तर बोलायलाच नको. हार्बर लाइनला वडाळा रोडला दोन फाटे फुटतात, एक किंग्ज सर्कल-वांद्र्यावरून गोरेगावकडे आणि दुसरा कुर्ल्यावरून पनवेलकडे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेवरची गाडी व्हीटी ते कुर्ला याच मार्गाने धावली. आज त्या मार्गावरच्या डब्यात कन्सेशनचा पास बाळगणारी मुलं मोबाइलवर नोट्सची पीडीएफ वाचतात. शहरातलं सर्वांत लहान अभ्यासाचं टेबल म्हणजे हा पडदा. बसायला मिळालं तरी तिघांच्या बाकावर चौथी सीट, म्हणजे अर्धी मांडी हवेत. तशा अवस्थेत ऑरगॅनिकच्या रिअॅक्शन पाठ करणाऱ्या मुली या डब्यात नेहमीच दिसतात. शेजारची बाई भाजी निवडता निवडता त्यांच्या पडद्यावरच्या षटकोनांकडे कौतुकाने बघते.

घरी काय असतं? एक खोली, टीव्ही, धाकटा भाऊ आणि कुकरच्या शिट्ट्या. आषाढीला वडाळ्याच्या विठ्ठलाच्या दर्शनाला लांबच लांब रांग लागते, गणपतीत कात्रक रोडवर राम मंदिरातल्या जीएसबी गणपतीसाठी गर्दी लोटते, आणि चाचण्या नेमक्या याच दिवसांच्या आसपास येतात. देवाला दोष देता येत नाही, म्हणून लाउडस्पीकरला दिला जातो.

मग मुलं बाहेर पडतात. पारशी कॉलनीच्या फाइव्ह गार्डनमध्ये, जुन्या झाडांखाली, संध्याकाळी चालणारे, प्रेम करणारे आणि पाठांतर करणारे एकमेकांना सांभाळून घेतात. यात पहिल्या दोघांचं तिसऱ्याला फारसं सहकार्य नसतं. आजूबाजूला सगळी कॉलेजं: १९२३ मध्ये माटुंग्याला आलेली व्हीजेटीआय, १९३७ ची रुईया आणि खालसा, वडाळ्यातलं एसआयडब्ल्यूएस. पलीकडे वरळीत सुदाम काळू अहिरे मार्गाला लोक ‘अभ्यास गल्ली’च म्हणतात. बीडीडी चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांतली मुलं पिढ्यान्‌पिढ्या तिथे दिव्याच्या खांबाखाली बसत आली. पुढे पालिकेने तिथे नीट बाकडी आणि दिव्यांची सोय केली. बिऱ्हाडांनी आधी ठरवलेल्या वापराला महापालिकेने मागाहून मान्यता दिली, असं त्याचं वर्णन करता येईल.

या परंपरेतलं सर्वांत ठळक नाव शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकरांचं. गोव्यातल्या माशेलहून मुंबईला आलेला, लहानपणीच वडील गेलेला हा मुलगा रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करायचा. शालान्त परीक्षेत तो राज्यात अकरावा आला. तरीही पैशांअभावी शिक्षण सुटायची वेळ आली होती. सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या महिना साठ रुपयांच्या शिष्यवृत्तीने ते टिकलं. १९६६ मध्ये ते केमिकल इंजिनिअर झाले ते वडाळ्याला लागूनच असलेल्या यूडीसीटीतून, म्हणजे आजच्या आयसीटीतून. ही गोष्ट भाषणांत जिद्दीचं उदाहरण म्हणून सांगितली जाते. तिच्यातला दिवा मात्र कोणी विचारात घेत नाही. एवढ्या हुशार मुलाला घरात दिवा आणि टेबल मिळू नये, ही शहराने मिरवण्याची बाब खचितच नव्हे. आजही रात्री अकरानंतर उघडी राहणारी चांगली अभ्यासिका कुठे आहे, याची माहिती मुलं खासगीत, विश्वासातल्या मित्रालाच देतात.

एक ठिकाण मात्र हमखास मिळतं. लेखी परीक्षेच्या हॉलमध्ये बाकाच्या कोपऱ्यावर खडूने बैठक क्रमांक लिहिलेला असतो आणि त्या क्रमांकाची मुलगी तिथे ऐसपैस बसते. वर पंखा, समोर पेपर, डावीकडे कंपास, उजवीकडे पाण्याची बाटली. प्रश्न तिसरा येत नसला तरी पुढचे दोन-अडीच तास तिला ‘जरा सरका’ म्हणायला कोणी येत नाही.