बग्गी

बग्गी म्हटले की नवरदेव, दोन घोडे आणि पुढे बेसूर बँड, एवढेच आमच्या घराला ठाऊक. त्यामुळे चिरंजीव "बाबा, बग्गी घ्यायची आहे" म्हणाले, तेव्हा सोळाव्या वर्षी पोराला बोहल्याची घाई झाली की काय, या शंकेने सौ.ने तव्यावरची पोळी करपू दिली. निघाली ती रेडिओवर चालणारी मोटार! खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची, मागे दोन काटेरी चाके, पाठीवर पंख, आणि चालक रिमोट घेऊन बाहेर उभा.

हे वेड जपानी. तामिया कंपनीने १९७६ साली रेडिओवर चालणारी आपली पहिली मोटार काढली, १९७९ साली वाळूत धावणाऱ्या बग्ग्या आणल्या आणि १९८५ साली तर कॅलिफोर्नियात असल्या गाड्यांची जागतिक स्पर्धाच भरली. तिथून आमच्या अचलपुरातल्या घरी पोचायला बग्गीला चाळीस वर्षे लागली. शकुंतलेच्या गावाला यात नवल नाही. ही आमची छोटी रेल्वे मूर्तिजापूरपर्यंतचे ७६ किलोमीटर कसेबसे चार तासांत तोडायची. १९९४ साली तिचे वाफेचे इंजिन जाऊन डिझेलचे आले, पण बाईंनी स्वभाव बदलला नाही. आता ती बंद आहे. नुसते इंजिन बदलून भागत नाही, हे आम्ही अचलपूरकर तेव्हाच शिकलो. चिरंजीवांचा जन्म त्यानंतरचा.

त्यांनी पहिल्याच महिन्यात मूळची मोटार काढून ब्रशलेस बसवली. हिच्यात घासणारे कार्बनचे ब्रश नसतात, म्हणून झीज कमी आणि जोर जास्त. त्या जोरापुढे प्लॅस्टिकच्या दातेरी चक्राचे बोळके झाले. पोलादी चक्र आणले, तर चाकाचा दांडा पिळला. दांडा बदलला, तर डिफरन्शिअल फुटले. बँकेत आम्ही याला थकबाकी पुढे ओढणे म्हणतो. मजबूत केलेला प्रत्येक भाग आपला भार शेजाऱ्याच्या गळ्यात टाकतो, आणि शेवटी तो भार वाहायला जो उरतो, त्याला वडील म्हणतात.

मी हिशेबाची वही उघडली होती. मिटली, त्याला कारण आहे. अकरावीत गेल्यापासून चिरंजीव आमच्याशी "हं" आणि "उंहूं" या दोनच शब्दांत व्यवहार करीत. तेच एका रात्री मला अर्धा तास समजावत होते, की उडी मारल्यावर गाडी हवेत असताना ब्रेक दाबला तर तिचे नाक खाली येते आणि वेग दिला तर वर जाते. अर्ध्या तासात एकदाही "हं" नाही! पिळलेला दांडा त्या भावात मला स्वस्त वाटला.

शर्यत रविवारी सकाळी, सापन नदीच्या कोरड्या पात्रात. परतवाड्याची चार पोरे आणि आमचे एक. आमची बग्गी सरळ रस्त्यावर सगळ्यांच्या पुढे आणि वळणावर सगळ्यांकडे तोंड करून उभी! भिंगरीच.

शेजारचे आबाजी सोबत आले होते. तरुणपणी ते शंकरपटात जोडी हाकत. २०१४ साली पट बंद झाले तेव्हा त्यांनी बैल विकले. २०२१च्या डिसेंबरात पट पुन्हा सुरू झाले, तोवर गुडघ्यांनी राजीनामा दिला होता.

"काय खाते बे हे?" आबाजींनी विचारले.

"वीज खाते, आबाजी."

"म्हणजे ढेप नाही, कडबा नाही, अन् धावते भल्ली!" ते वाळूत उकिडवे बसले आणि दोन फेऱ्या नुसते पाहत राहिले. मग म्हणाले, "मांगून हलकी हाये थे. वझं मांगं घे."

चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिले, मी आकाशाकडे. पण बॅटरी दोन बोटे मागे सरकवून घट्ट बांधल्यावर मागची चाके वाळूला चावू लागली आणि गाडी वळण घेऊन सुरळीत परत आली. इतक्या महिन्यांतली ही पहिली सुधारणा, जिची पावती माझ्या नावाने फाटली नाही.

पाचांत आमचा नंबर तिसरा आला. चिरंजीवांनी रिमोट आबाजींच्या हातात दिला. आबाजींनी धोतर सावरले, पाय रोवले, आणि खटका दाबण्याआधी जीभ टाळूला लावून "टक् टक्" केले.

बग्गी सुटली.