अबोल हिरड्या

मुलांनो, आरशासमोर उभे राहा. खालचा ओठ बोटाने जरा ओढा आणि दातांच्या मुळाशी पाहा. दातांना घट्ट धरून ठेवणारा जो मांसल भाग दिसतो, ती हिरडी. कोणाची गुलाबी असते, कोणाची मुळातच सावळी. तो काही रोग नव्हे. किडलेला दात ठणकतो, रात्री झोपू देत नाही, म्हणून दाताची आपण काळजी करतो. हिरडी मात्र आजारी पडली तरी बहुधा दुखत नाही, म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही.

माझी नानी रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी राहत असे. ती रोज सकाळी मशेरी लावी. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, तिची पूड करायची आणि ती बोटाने दातांवर घासायची. मशेरीने दात बळकट होतात, असे तिचे आणि शेजारणींचे ठाम मत होते. पन्नाशीच्या आतच तिचे पुढचे दात हलू लागले आणि एकेक करून पडले. नवल म्हणजे पडलेल्या एकाही दाताला कीड नव्हती. मुळाजवळची माती वाहून गेली की हिरवे झाडही कोसळते, तसे ते झाले.

असे का होते? आपल्या दातांवर सतत एक चिकट थर जमत असतो. त्यात असंख्य जंतू असतात. रोज नीट घासले तर तो निघून जातो. राहिला तर हळूहळू कडक होतो. त्याला किटण म्हणतात. किटण ब्रशने निघत नाही, ते दातांच्या डॉक्टरांकडूनच काढून घ्यावे लागते. या जंतूंमुळे हिरडी लाल होते, सुजते आणि ब्रश लागताच तिच्यातून रक्त येते. पुष्कळ लोक नेमके येथेच फसतात. ब्रश टोचला असे समजून ते त्या बाजूचे दात घासणेच सोडून देतात. मग थर वाढतो आणि रक्तही वाढते. वास्तविक याच वेळी चांगली सफाई केली, तर हिरडी पुन्हा पूर्वीसारखी होते. दुर्लक्ष केले तर ती दातापासून सुटू लागते, त्या फटीत जंतू शिरतात आणि दाताला आधार देणारे हाड झिजते. झिजलेले हाड सहसा पुन्हा भरून येत नाही.

तंबाखूचा कावा तर आणखीच निराळा. तिच्यामुळे हिरडीतील रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त कमी येते. रोग आत वाढत राहतो, पण खूण दिसत नाही. 'माझ्या हिरडीतून कधी रक्ताचा थेंब आला नाही,' असे नानी अभिमानाने सांगत असे! महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी रस्त्याच्या कडेला रिकाम्या पुड्या दिसतातच.

माझ्या अम्मीला मधुमेह आहे. रक्तातली साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात ठेवणे कठीण जाते, असे तिच्या डॉक्टरांनी समजावून सांगितले. तेव्हापासून ती साखर तपासायला जाते तशी दातही दाखवून येते. गरोदरपणात हिरड्या लवकर सुजतात. तुमच्या वयातही शरीरात होणाऱ्या बदलांमुळे तसेच घडते. काही घराण्यांत हा रोग अधिक आढळतो.

मिसवाक चांगली की ब्रश, असे मुले मला नेहमी विचारतात. पिलूच्या झाडाची मिसवाक असो, कडुनिंबाची काडी असो की मऊ ब्रश असो, तो दात आणि हिरडी जेथे मिळतात त्या रेषेपर्यंत पोहोचला पाहिजे, दातांच्या आतल्या बाजूलासुद्धा. मिसवाकचे जुने टोक राठ झाले की कापून टाकावे आणि पुढची साल सोलून नवे टोक चावून मऊ करावे.