खेळायला पाहिजे तर खेळायला म्हण

गेल्या काही महिन्यांत ओळखीच्या तीन-चार घरांतून एकाच विषयावर फोन आले. "पोरगं गेमिंग कॉम्प्युटर मागायलंय, लाखभर रुपये म्हणतंय, काय करावं?" आमच्या घरी हे प्रकरण 2023 च्या दिवाळीआधी होऊन गेलं. दरवेळी फोनवर अर्धा तास बोलण्यापेक्षा एकदा सगळं लिहून टाकतो. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आम्ही काचीगुड्याचे. वडील रेल्वेत होते, आई परभणीकडची, लग्न होऊन इकडे आली. वडील गेल्यापासून तिला फॅमिली पेन्शन मिळते. त्यातून बाजूला टाकत टाकत तिने एक एफडी केली होती, ती त्या वर्षी पिकली. हातात 75 हजार आले. "घरात कुणाच्या तरी कामी यावेत" एवढंच ती म्हणायची. आणि आमचे चिरंजीव तेव्हा 17 वर्षांचे. शाळा इंग्रजी, दुसरी भाषा तेलुगू, मित्रांशी हैदराबादी हिंदी. घरात मराठी बोलतो, पण लिहायची वेळ कधी आलीच नव्हती.

त्याने आजीला गाठलं. "आजी, कॉम्प्युटर पाहिजे. अभ्यासाला. थ्री-डी डिझाइनपण शिकायचंय." मी तिथेच होतो. माझं मत मी आधीच सांगितलं होतं, की एवढ्या पैशात चांगला लॅपटॉप येतो, तो घे. आईने दोघांचं ऐकून घेतलं आणि त्याला म्हणाली, "अभ्यासाला तुझ्या बापाचा लॅपटॉप हाय की. कामून पाहिजे ते खरं सांग."

तो गप्प.

"खेळायला पाहिजे तर खेळायला म्हण. खेळायला मागणं काय पाप हाय का? पण खोटं सांगून मागू नको. आणि कोणत्या वस्तूला किती, कशासाठी, ते मला मराठीत लिहून दाखव. मग पैसे."

मला तेव्हा वाटलं, ही नातवाला मराठी लिहायला लावायची युक्ती आहे. ती होतीच. पण पुढच्या दोन आठवड्यांत लक्षात आलं, की कॉम्प्युटर जुळवताना सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न तिने विचारला होता. वस्तू नेमकी कशासाठी पाहिजे? याचं उत्तर खरं असेल तर पैसा आपोआप बरोबर जागी जातो.

उदाहरणच देतो. "थ्री-डी शिकायला" हे उत्तर धरलं असतं तर एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड घ्यायला हवं होतं, कारण ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचं काम बरंच जलद होतं. आरटीएक्स 3060 आम्हाला 25 हजारांच्या पुढे सांगत होते. नुसतं खेळायचं, तेही साध्या फुल एचडी पडद्यावर, तर एएमडीचं आरएक्स 6600 पुरतं, आणि ते 20,500 ला मिळालं. खरं बोलल्याचे पाच हजार तिथेच वाचले. "अभ्यासाला" म्हणून घेतला असता, तर महागडा प्रोसेसर आणि ग्राफिक्सच्या नावाने काही नाही, असं यंत्र घरात येऊन बसलं असतं. दोन महिन्यांत पोराने परत तोंड पाडलं असतं.

मग त्याची यादी सुरू झाली. वहीच्या पानावर, मोडक्यातोडक्या मराठीत. पहिली ओळ मला अजून पाठ आहे: "पडदा – 24 इंच – आधी हे ठरवायचे." बरोबरच होतं. पडदा केवढा, किती बारकाव्याचा, यावर कार्ड ठरतं. कार्डावर प्रोसेसर ठरतो, आणि दोघांवर वीज. आपल्याकडे लोक उलट्या टोकाने जातात. आधी मोठ्या नावाचा प्रोसेसर घेतात आणि उरलेल्या पैशात कार्ड शोधतात. मग प्रोसेसर रिकामा बसून कार्डाची वाट बघत राहतो. पैसे दिलेत आणि वस्तू बसून आहे, यापेक्षा महाग काही नाही.

आम्ही तिघं सीटीसीला गेलो. सिकंदराबादेत पार्क लेनचं चिनॉय ट्रेड सेंटर, हैदराबादकरांना सांगायला नको. सुलतान बाजारहून मेट्रोने परेड ग्राउंड आणि पुढे ऑटो. आई हट्टाने आली. पहिल्या दुकानात (नाव घेत नाही) काचेचा कॅबिनेट, आत रंगीबेरंगी दिवे, वर चिठ्ठी: आय-सेव्हन, 16 जीबी, 4 जीबी ग्राफिक्स, 38 हजार. मी म्हटलं, अरे हे तर निम्म्यात! चिरंजीवांनी विचारलं, "कौनसी जनरेशन?" दुकानदार म्हणाला, "आय-सेव्हन है साब, जनरेशन कायकू देखते?" पोराने वाकून बघितलं. तिसऱ्या जनरेशनचा, म्हणजे 2012 सालचा प्रोसेसर. कार्ड जीटी 730, ते 2014 चं. 4 जीबी हा आकडा कार्डाच्या मेमरीचा असतो, ताकदीचा नव्हे. मोठ्या पिशवीत थोडी भाजी. पॉवर सप्लायवर कंपनीचं नावच नव्हतं. मुलांना घेऊन जाणार असाल तर ही तीन वाक्यं लक्षात ठेवा: कोणती जनरेशन, कोणतं कार्ड, पॉवर सप्लाय कुणाचा. तिन्हींचं सरळ उत्तर नाही मिळालं तर पुढच्या दुकानात जा.

वापरलेल्या कार्डांचंही आमिष असतं. 2022 च्या सप्टेंबरात इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस राबवलेली कार्डं बाजारात आली. सगळीच वाईट नसतात. पण बिल नाही, वॉरंटी नाही, तर पेन्शनच्या पैशात तो जुगार नको, असं आमचं ठरलं.

आता जुळवाजुळव. हे पोराने आजीला समजावलं ते इतकं छान होतं, की तसंच सांगतो. "आजी, प्रोसेसरला बसायची जागा असते, तिला सॉकेट म्हणतात. मदरबोर्डवर तोच सॉकेट पाहिजे. एएम-फोरचा प्रोसेसर एएम-फाइव्हच्या बोर्डावर बसत नाही. रॅमपण तशीच. डीडीआर-फोरच्या जागी डीडीआर-फाइव्ह जात नाही, खाच वेगळ्या ठिकाणी असते. कार्ड कॅबिनेटमध्ये मावलं पाहिजे, लांबी मोजायची."

"म्हणजे पत्रिका बघायल्यासारखंच की."

"हौ आजी. फक्त इथे 36 पैकी 36 गुण लागतात. 35 ला लग्न मोडतं."

त्याने रायझन 5 5600 घेतला. सहा कोअरचा, सोबत पंखा येतो, म्हणजे वेगळा कूलर नको. यात स्वतःचं ग्राफिक्स नाही, कार्डाशिवाय पडद्यावर चित्र येत नाही, हे ठाऊक असावं. बोर्ड बी-550 चा. बी-450 स्वस्त होता, पण काही जुन्या बी-450 बोर्डांना हा प्रोसेसर ओळखू यायला आधी बायोस अपडेट करावं लागतं. नवा एएम-फाइव्ह घ्यावा का, यावर बराच खल झाला. पुढची सोय तिकडे जास्त, पण त्यात डीडीआर-फाइव्हच लागते आणि तेव्हा बोर्डही महाग होते. बजेट मोडलं असतं, नाहीतर कार्ड कमी करावं लागलं असतं. खेळाला कार्ड महत्त्वाचं, म्हणून एएम-फोर.

आईने यादीत एकच ओळ खोडू दिली नाही. पोर पॉवर सप्लायमध्ये दोन हजार वाचवून दिव्यांचा कॅबिनेट घ्यायच्या विचारात होतं. तिने विचारलं, "हे काय करतं?"

"घरातला मेन स्विच समज. सगळ्यांना वीज इथून."

"मग त्यात कंजुषी नको. तुझ्या आजोबांनी मीटरपासून चांगली वायर टाकून घेतली, म्हणून आजवर घरात काही जळालं नाही. दिवे पाहिजेत तर दिवाळीत लाव."

हिशोबाने प्रोसेसर 75-80 वॅट, कार्ड 132 वॅट, बाकी सगळं धरून 270 च्या आसपास. त्यावर 550 वॅटचा, नावाजलेल्या कंपनीचा, ब्राँझ रेटिंगचा घेतला. वॉरंटी पाच वर्षं. बिल वाचून आई म्हणाली, "माझ्यापेक्षा याची गॅरंटी जास्त हाय." कॅबिनेट साधा, पण पुढून जाळीचा आणि पंख्यांसकट. आपल्या हैदराबादच्या मे महिन्यात बंद काचेच्या पेटीत यंत्र गुदमरतं.

शेवटची यादी अशी. प्रोसेसर 11,800, बोर्ड 9,200, रॅम 8-8 जीबीच्या दोन पट्ट्या 3,600, कार्ड 20,500, एक टीबीची एनव्हीएमई एसएसडी 4,900, पॉवर सप्लाय 4,600, कॅबिनेट 3,700, 144 हर्ट्झचा पडदा 11,200, कीबोर्ड-माउस 1,900. एकूण 71,400. हे तेव्हाचे भाव आहेत, आज तेच मिळतील असं नाही. रॅम आणि एसएसडीचे भाव तर फारच वरखाली होतात. प्रमाण मात्र बघा: कार्ड आणि पडदा मिळून साधारण 45 टक्के.

या यादीत विंडोजचं लायसन्स नाही आणि यूपीएस नाही. बहुतेक घरं इथेच फसतात, तेव्हा दोन्ही आधीच धरा. दुकानदार "विंडोज डालके देता साब" म्हणाला, त्याला नक्को म्हटलं. लायसन्स मामाने वाढदिवसाचं दिलं. यूपीएस मी दिला. खेळाचा कॉम्प्युटर मला आजही फार पटलेला नाही, पण लाइट गेल्यावर आईच्या पैशाची वस्तू बंद पडलेली मला बघवली नसती.

जोडणी घरीच झाली. काही गोष्टी नोंदवून ठेवा. रॅमच्या दोन पट्ट्या शेजारीशेजारी न लावता बहुतेक बोर्डांवर दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावतात. बायोसमध्ये एक्सएमपी चालू केलं नाही, तर 3200 ची रॅम हळूच चालत राहते. पडद्याची वायर कार्डाला लावा, बोर्डाला नको. आणि विंडोजच्या सेटिंगमध्ये 144 हर्ट्झ निवडा, नाहीतर पैसे 144 चे आणि चित्र 60 चं.

रात्री पडद्यावर पहिला खेळ लागला तेव्हा आई शेजारी खुर्ची घेऊन बसली होती. गाड्या पळत होत्या. दहा मिनिटं बघून म्हणाली, "यातलं मला काही कळंना. पण तू लिहिलेलं कळलं." मग उठून झोपायला गेली.

ती यादी आणि सगळी बिलं वडिलांच्या रेल्वेच्या कागदांच्या फायलीत आहेत. यादीत "पडदा", "वीज देणारा", "चित्र काढणारे कार्ड" असे शब्द आहेत. ऱ्हस्व-दीर्घ सगळं चुकलेलं. पोराने आजवर मराठीत लिहिलेलं सगळ्यात लांब ते हेच. उरलेले 3,600 त्याने आजीला परत दिले. तिने मोजून घेतले.

तुमच्याकडे मागणी आली तर आधी पडदा ठरवा, पॉवर सप्लायमध्ये हात आखडू नका, आणि पक्कं बिल घ्या. आणि त्याआधी मुलाला समोर बसवून कशासाठी पाहिजे ते विचारा. "खेळायला" म्हणाला तर रागावू नका. त्या उत्तरावर हिशोब करता येतो.